पैसा कशावर खर्च होतो, तेही बघा

सरकारने पैसा ओतला की महागाई येतेच, असं बरेच जण ठामपणे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं.

अमेरिकेचंच बघा. 2009 मध्ये सरकारने 787 अब्ज डॉलरचं मदतीचं पॅकेज दिलं, तरी पुढे वर्षानुवर्षं तिथे महागाई कमीच राहिली. मंदीमुळे तेव्हा कारखान्यांची बरीच क्षमता रिकामी पडलेली, माणसं बेकार. मागणी वाढली तसा माल निघत गेला. मार्च 2021 मध्ये आणखी 1.9 लाख कोटी डॉलर दिले, तेव्हा मात्र माल मिळत नव्हता, बंदरांवर जहाजं अडकलेली. जून 2022 मध्ये महागाई 9.1 टक्क्यांवर गेली. त्यात युक्रेन युद्धाने भडकलेलं तेलही होतंच, सगळा दोष पॅकेजला देता येणार नाही.

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या कवठेमहांकाळकडे या. कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी भागाला देणाऱ्या म्हैसाळ योजनेवर सरकारने किती वर्षं पैसा घातला! त्या काळात सिमेंट, मजुरी यांवर ताण आला असेल, पण पाणी आल्यावर जिथे टँकरची वाट बघायचो तिथे द्राक्षं उभी राहिली. हा खर्च पुरवठा वाढवणारा. तोच पैसा नुसता हातात दिला आणि त्या वर्षी पाऊस दडी मारून बसला, तर डाळ-भाजीचे भाव चढणारच. कारण जास्तीच्या पैशाने तूर जास्त पिकत नाही.

दुष्काळात मात्र हातात पैसा द्यावाच लागतो. तेव्हा महागाईची भीती घालून रोजगार हमीची कामं अडवणं मला साफ चुकीचं वाटतं. मजुरी थकली की बाया किराणा उधारीवर आणतात, आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा कायम चढाच असतो.