मदत हवी आहे: केनियात वाढणाऱ्या मुलांची मराठी कशी टिकवावी?

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरचे, सध्या पश्चिम केनियात मिशनच्या सेवेत आहोत. मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीनचा. शाळा इंग्रजीत, खेळ स्वाहिलीत. मराठी उरलीय ती घरातल्या जेवणापुरती. सासूबाईंचं सगळं आवरून साडेआठ वाजतात, तेव्हा इथे सहाच वाजलेले असतात आणि पोरं अंगणात. त्यांनी "जेवलीस का गं?" विचारलं की लेक नुसती मान हलवते आणि पळते. आजीनं फोन कानाला लावलेला, त्यांना ती मान दिसतही नाही. मला फार वाईट वाटतं.

परमुलखात लेकरं वाढवणं आपल्या गावाला नवं नाही. वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये तिथेच जन्मला. पण आमच्या घरात रोज काय करावं, हे अजून सुचत नाही.

बालभारतीचं पहिलीचं पुस्तक उतरवून घेतलंय, पण पडद्यावर ती लगेच कंटाळते. मे महिन्यात घरी येतोय. शाहूपुरीच्या आसपास घरी येऊन गाणी-गोष्टींतून शिकवणाऱ्या कुणी ताई आहेत का? माझं मत, आधी बोलणं सुटावं, अक्षरं मागाहून. जोडाक्षरांची तर मुळीच घाई नको.

प्रवासाची काळजी नाही, यलो फीव्हरच्या लसीची प्रमाणपत्रं चौघांचीही आहेत. परदेशात मुलं वाढवलेल्यांनी, रोज घरात नेमकं काय केलंत, ते जरूर लिहा.