37वी आयोवा रेजिमेंट : वयस्क स्वयंसेवकाच्या आजारपणाचा अर्थ कसा लावावा?

डेव्हनपोर्टकर (प्रश्न):
अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या (संघराज्याच्या) बाजूने असलेल्या 37व्या आयोवा रेजिमेंटमध्ये 1862 च्या अखेरीस स्वेच्छेने भरती झालेल्या, साठी ओलांडलेल्या एका शेतकऱ्याची सेवानोंद मी अभ्यासत आहे. हजेरीपटावर ‘आजारी, गैरहजर’ असा शेरा वारंवार आहे; लढाईचा उल्लेख एकदाही नाही. वयाची मर्यादा 45 असताना त्याला घेतले कसे, आणि केवळ पहारा देणारा माणूस इतका आजारी का पडावा?

मिसिसिपीकाठ:
ही रेजिमेंट युद्धखात्याच्या खास परवानगीने, 45 वर्षांवरील माणसांसाठीच उभारली होती. त्यांनी पहारे सांभाळावेत आणि तरुणांना आघाडीवर पाठवता यावे, हा हेतू. लोक तिला ‘ग्रेबियर्ड’, म्हणजे पांढऱ्या दाढ्यांची रेजिमेंट म्हणत. त्यातले कर्टिस किंग तर 80 वर्षांचे होते, आणि मार्च 1863 मध्येच असमर्थ ठरवून त्यांना मुक्त करण्यात आले. (भरतीच्या वेळी त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांचे कौतुकच करायला हवे.) मात्र ‘केवळ पहारा’ या शब्दांना माझी हरकत आहे. सेंट लुइसनंतर ही माणसे ऑल्टन आणि रॉक आयलंड येथील युद्धकैद्यांच्या तुरुंगांवर होती आणि त्या दोन्ही ठिकाणी देवीची साथ पसरली होती. रेजिमेंटच्या हजाराहून थोड्या अधिक माणसांपैकी लढाईत तीन-चारच मेली, तर आजाराने सुमारे 140 दगावली.

निवृत्त वैद्य:
त्या सैन्यात अतिसार आणि आमांश हेच सर्वांत मोठे दुखणे होते. शौचखड्ड्यांनी दूषित झालेले पाणी, खारवलेले मांस आणि कडक बिस्किटे यांवर तरुणही टिकत नसत. साठीच्या माणसाच्या शरीरातील पाणी एकदा घटले की ते भरून येणे कठीण होई. त्यातच उपचार म्हणून कॅलोमेल हे पाऱ्याचे संयुग दिले जाई, ज्याने हिरड्या सुजून दात हलत. सैन्याचे वैद्यकीय प्रमुख (सर्जन जनरल) हॅमंड यांनी 1863 मध्ये ते औषधांच्या यादीतून काढले, तेव्हा डॉक्टरांनीच त्यांच्याविरुद्ध ओरड केली. जंतूंची कल्पना अद्याप रुजलेली नसल्याने हजेरीपटावर कारण नव्हे, लक्षणच लिहिलेले सापडेल.

दप्तरदार:
आपण हजेरीपटावर थांबू नये. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून त्याची पेन्शन-फाइल मागवावी. 1862 च्या कायद्यानुसार पेन्शनसाठी दुखणे सेवाकाळातच जडल्याचे सिद्ध करावे लागे, आणि वयस्क अर्जदाराची इथेच अडचण होई, कारण संधिवात छावणीतला की वयाचा, हे ठरवणार कोण? त्यामुळे भरतीपूर्वी तो धडधाकट होता, अशी शेजाऱ्यांची आणि गावच्या डॉक्टरांची प्रतिज्ञापत्रे अशा फायलींत आढळतात. पुढे 1890 च्या कायद्याने 90 दिवसांची सेवा आणि श्रमाची असमर्थता एवढ्यावर पेन्शन दिली, पण तोवर यांच्यापैकी फार थोडे हयात असणार. म्हणून त्याच्या विधवेच्या नावे स्वतंत्र अर्ज आहे का, हेही पाहावे.