येट्स, सेनेट आणि डुकराचे गाल
आयरिश कवी येट्स जन्मभर पऱ्या, भुतंखेतं आणि त्याची प्रेयसी मॉड गॉन यांतच रमला, व्यवहाराशी त्याचं देणंघेणं नव्हतं, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. प्लँचेटचं वेड होतंच, पण हाच माणूस डब्लिनचं अ‍ॅबी थिएटर वर्षानुवर्षं चालवत होता आणि १९२२ ते १९२८ आयरिश सेनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, बसत होता. तिथे १९२५ साली घटस्फोटबंदीच्या विरोधात त्याने केलेलं भाषण चांगलंच झोंबणारं आहे.

पण मला लिहायचंय ते नाण्यांबद्दल. नव्या आयरिश राज्याची नाणी कशी असावीत हे ठरवणाऱ्या समितीचा अध्यक्ष येट्स होता. संत, क्रॉस वगैरे काही नको, शेतीप्रधान देश आहे तर प्राणी घ्या, असं ठरलं. म्हणून १९२८च्या नाण्यांवर एका बाजूला हार्प हे तंतुवाद्य आणि दुसरीकडे घोडा, सामन मासा, बैल, ससा, कोंबडी, पिलांसकट डुकरीण अशी मंडळी आली. नक्षी काढली पर्सी मेटकाफने, आणि तो चक्क इंग्रज! काही धार्मिक मंडळी 'देव नसलेली नाणी' म्हणून खवळली. शेतकी खात्याच्या तज्ज्ञांनी तर बैल आणि डुकराच्या ठेवणीवरच आक्षेप घेतले आणि ती चित्रं बदलावी लागली. डुकराचे गाल बदलले तसा त्याचा मूळचा उर्मट, शहाणा भावही गेला, अशी हळहळ येट्सने नंतर समितीच्या कामाच्या हकिगतीत लिहून ठेवली आहे. सरकारी समितीचा इतका वाचनीय अहवाल मी तरी दुसरा पाहिलेला नाही.