नात पहिलीत घालायची, आईबाप ऊसतोडीला. शाळेत आमची सही चालते का?

कंडक्टर आजोबा, पाटोदा तालुका (बीड)

मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. मुलगा-सून दिवाळी झाली की कोयता घेऊन निघतात. यंदा टोळी कर्नाटकात आहे, गाळप संपल्याशिवाय येणं नाही. नात आमच्या दोघांजवळ. गेल्या हंगामात ती त्यांच्यासोबत कोपीवरच, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतच होती, म्हणून अंगणवाडी निम्मी बुडाली. यंदा मी हट्टानं ठेवून घेतली.

नोव्हेंबरात तिला सहा पूर्ण होतील. तालुक्याच्या एका इंग्रजी शाळेत नेली तर तिथल्या बाईंनी ए-बी-सी-डी म्हणायला लावली. पोरगी माझ्या धोतराआड. “तयारी नाही, आईवडिलांना घेऊन या,” म्हणाल्या. आईवडील फडात आहेत, कुठून आणू?

पेन्सिल धरता येत नाही हे खरं. पण वाढ्याच्या (उसाच्या शेंड्यांच्या) पेंढ्या वीसपर्यंत न चुकता मोजते, आईसोबत विकायला बसायची ना. माझा जुना तिकिटाचा पंच तिचं आवडतं खेळणं, घरातल्या एकाही कॅलेंडरला भोकं पाडायची ठेवली नाहीत. मी पाटी घेऊन बसलो की मात्र दहा मिनिटांत माझा आवाज चढतो. आमची घरधनीण शाळेत गेलेली नाही. ती म्हणते, “मला काय कळतंय त्यातलं?”

जूनला तीन महिने आहेत. काय करू?

अंगणवाडी सेविका, केज

आजोबा, पाटी आधी माळ्यावर टाका.

जिल्हा परिषदेच्या शाळेत एप्रिलमध्ये ‘पहिले पाऊल’चा, म्हणजे पहिलीत येणाऱ्या पोरांच्या शाळापूर्व तयारीचा मेळावा असतो, २०२२ पासून चालू आहे. दुसरा जूनमध्ये. सात टेबलं मांडलेली असतात. पहिल्यावर नोंदणी, शेवटच्यावर पालकांशी बोलणं. मधल्या पाचांवर शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक, भाषा आणि गणनपूर्व तयारी. लेकरू उड्या मारतं, चित्र बघून गोष्ट सांगतं, वस्तूंचे गट लावतं. नापास कुणी होत नाही. कुठं मदत लागली ते विकासपत्रावर लिहितो आणि दोन मेळाव्यांच्या मधल्या काळात घरी काय करायचं ते सांगतो.

त्यासाठी माता गट असतात. नावावर जाऊ नका. माझ्याकडच्या एका गटात पाचजणींपैकी तीन आज्या आहेत, कारण सुना फडात. मोबाइलवर आलेलं कार्ड एखादी नात वाचून दाखवते आणि आज्या करून घेतात. तुमच्या मालकीणबाईंना म्हणावं, परातीत तूर-हरभरा एकत्र करा आणि पोरीला वेगळं करायला लावा. निवडणं-पाखडणं त्यांच्याइतकं तुम्हाला जमणार आहे का? जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्याही म्हणा.

झेडपी गुरुजी

प्रवेशाचं सांगतो. आपल्याकडे ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारं मूल पहिलीत बसतं. म्हणजे नात बसते. जन्माचा दाखला नसला तरी अंगणवाडीची नोंद चालते, पालकाचं लेखी निवेदनही चालतं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ बघा. आमच्याकडे दरवर्षी निम्मी नावं आजोबाच घालतात.

त्या शाळेनं घेतलेली परीक्षा कलम १३ मध्ये बसत नाही, पहिल्या वेळेला २५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. भांडायचं तर भांडा, पण मी पोरीला गावातच ठेवेन.

आणि पंच काढून घेऊ नका! तो दाबायला बोटांत ताकद लागते, पेन्सिल धरायलाही तीच. वीस पेंढ्या मोजणारी पोरगी माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरांच्या पुढं आहे. नाव लागलं की पुढच्या हंगामासाठी हंगामी वसतिगृहाचं मुख्याध्यापकांना विचारून ठेवा. मूल कोपीवर जाऊ नये म्हणूनच ती सोय आहे.

भाचीची मावशी

थोडं बाजूचं आहे, पण कुणाला उपयोग होईल. बहीण वारली, भाची माझ्याजवळ. तिला बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात दिला होता. आजोबा, तुमच्या नातीचे आईबाप धडधाकट आहेत, देव करो ही योजना तुम्हाला कधी लागू नये.

तुमच्यासारखाच माझाही आवाज चढायचा. भाची एकदा म्हणाली, “आई असं ओरडत नव्हती.” तेव्हापासून अभ्यासाच्या वेळी मी भाजी निवडत बसते. हात गुंतले की तोंड कमी चालतं.

कंडक्टर आजोबा

काल मेळावा झाला. घरधनीण नवं लुगडं नेसून आली. गट लावायच्या टेबलावर पोरीनं मणी-बिया मिनिटात वेगळ्या केल्या, आजीकडे बघून हसली. चित्राची गोष्ट सांगताना मात्र गप्प. विकासपत्रावर तिथंच ‘मदत लागते’ आलं.

रात्री फोनवर आईला सगळं सांगितलं. चित्रात काय काय होतं, बैलगाडी कुठं होती, सगळं. तिथं गप्प बसलेली पोरगी इथं थांबेना. सूनबाई म्हणाली, पट्टा पडलाय, हंगाम संपला, आठ दिवसांत निघतोय. जूनच्या मेळाव्याला तीच जाईल.

बाईंनी दिलेलं कार्ड सकाळी शोधलं तर त्याला चारी कोपऱ्यांना भोकं.