वस्तीत बीपी तपासतो, पण आकडा जास्त आला तरी लोक डॉक्टरकडे जात नाहीत. काय करावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही नर्सिंग आणि फार्मसीचे काही विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी वस्तीत बीपी तपासायला बसतो. मोजण्यात हयगय करत नाही. आधी पाच मिनिटं शांत बसवतो, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. अर्ध्या तासात तंबाखू किंवा चहा-कॉफी झाली नाही ना, तेही विचारतो. मोजताना बोलू नका, हे मात्र कोणी ऐकत नाही.

अडचण पुढची आहे. आकडा १४०/९० च्या वर गेला की चिठ्ठी देऊन डॉक्टरांना दाखवा म्हणतो. पुढच्या खेपेला तीच माणसं, तोच आकडा. विचारलं की उत्तरं ठरलेली: "टेन्शनने वाढलं असेल", "गोळी एकदा लागली की सुटत नाही" आणि "मला कुठे काय होतंय?" या शेवटच्याला काय म्हणावं कळत नाही, कारण बहुतेकांना खरंच काही होत नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना तो असल्याचा पत्ताच नाही. आमच्याकडे तर पत्ता लागूनही कोणी हलत नाही!

शिवाय टेबलाभोवती गर्दी. परवा एका काकूंचा आकडा मागे उभ्या असलेल्या बाईंनीच मोठ्याने वाचला, "अगं बाई, एकशे सत्तर!" काकू हसल्या, पट्टा स्वतःच सोडला आणि दुसऱ्यांदा न मोजताच उठल्या.

असं काम केलेल्यांनी कृपया सांगा. पोस्टर, पथनाट्य नको, ते करून झालंय.

प्रतिसाद १:
पहिलं म्हणजे मशीनची तोंडं भिंतीकडे करा, रांग टेबलापासून दूर लावा. एकेका मिनिटाच्या अंतराने निदान दोनदा मोजा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा फुगतो, तेही बघा. आणि "तुम्हाला बीपी आहे" असं म्हणूच नका, एका दिवसाच्या मापावर ते ठरत नाही. "आज जास्त आलंय, पक्कं करून घ्यायला हवं" एवढंच. १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं असेल तर चिठ्ठी नाही, ताबडतोब दवाखाना.

प्रतिसाद २:
जरा कडू बोलतो. लोक अडाणी म्हणून जात नाहीत असं नाही, त्यांचा रोज बुडतो. जवळच्या आरोग्य केंद्रात बीपीची गोळी नियमित मिळते का, कोणत्या वेळी, किती ताटकळावं लागतं, हे तुमच्यापैकी कोणी जाऊन बघितलंय का? तिथल्या नर्सबाईंना आधी भेटा. वस्तीतल्या आरोग्यसेविकेला आकडा जास्त आलेल्यांची यादी द्या, पण ज्याला त्याला विचारूनच. पुढे पाठवायची सोय नसेल तर मोजणं काही दिवस थांबवलं तरी चालेल.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. केंद्रात या आठवड्यातच जाऊन येतो. एक राहिलं, चिठ्ठीवर आकडा लिहावा की नुसतं "तपासून घ्या"? घरचे घाबरतात म्हणून काहीजण आकडा नको म्हणतात.

प्रतिसाद १:
आकडा हवाच, दोन्ही मापं लिहा. तारीख, वेळ, कोणता दंड तेही. डॉक्टरांना नुसत्या "तपासून घ्या"चा काही उपयोग नाही. घरच्यांपासून लपवायचं असेल तर चिठ्ठी पाकिटात घालून द्या.