ओल्या भिंतीवर पुट्टी नकोच

ओल आलेल्या भिंतीवर दोन हात पुट्टी मारून स्वतःच रंग द्यायचा, मजुरी वाचते, असं या चर्चेत वर एकांनी लिहिलंय. आमचं बेळगावच्या शहापुरातलं घर जुनं, मातीच्या भिंतींचं. गेल्या साली मीही हेच केलं की हो!

एप्रिलात खालचा पोपडा पटाशीनं काढला, सिमेंटचा गिलावा थापला, वर पुट्टी. महिनाभर भिंत आरशासारखी. मग आपल्याकडचा पाऊस. श्रावणात जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत पुट्टी फुगली, बोट लावलं की भुगा, आणि खाली पांढरा लोणा (भिंतीतून आलेला क्षार), जिभेला लावला तर खारट (हो, लावून बघितला). मातीच्या भिंतीतलं पाणी बाहेर पडायला वाट हवी असते. सिमेंटनं ती अडवली की ओल वर चढते.

या खेपेला सगळं खरवडून चुन्याचा गिलावा केला. रंगाची घाई करत होतो, तर हार्डवेअरवाले म्हणाले, ‘स्वल्प तडीरी!’ (कानडीत, जरा थांबा.) थोडं थांबलो, दोन महिने. वर चुन्याचीच सफेदी. ती कपड्याला लागते, बायको रोज बोलते, पण पोपडा नाही.

मंगलोरी कौलं मात्र मीच बदलली, बारा फुटली त्यात. नवी जुन्याच्या खाचेत बसत नव्हती, म्हणून खानापूरकडं पडलेल्या एका घराची मागून आणली.

वायरिंगला मात्र हात लावू नका. मी लावला होता. ते परत कधीतरी.