मदत हवी आहे: यकृतपेशी ‘पिकल्या’ की हिपॅटायटिस बी का वाढतो?

नांदेडला पीएचडीचं काम चालू आहे. हेपजी२ (यकृताच्या कर्करोगापासून वाढवलेल्या) पेशींत एनटीसीपी रिसेप्टर (विषाणूचं आत शिरायचं दार) घालून हिपॅटायटिस बीचा संसर्ग करते. २.५ टक्के डीएमएसओ (पेशींना ‘पिकवणारं’, म्हणजे परिपक्व करणारं द्रावक) दिलं की पेशी विभाजन थांबवून फरशीसारख्या चिकटून बसतात, कडा चकाकायला लागतात, अल्ब्युमिन (परिपक्व यकृतपेशींचं प्रथिन) वाढतं. आणि नवव्या दिवशी ई-अँटिजेन (पेशींतून बाहेर पडणारं विषाणूचं प्रथिन) डीएमएसओ नसलेल्या पेशींच्या जवळपास तिप्पट.

घोळ इथंच आहे. डीएमएसओमुळं विषाणू जास्त आत शिरतो, की आत गेल्यावर एचएनएफ४-अल्फासारखे, जीन चालू करणारे यकृतातले घटक सीसीसीडीएनएवरून (पेशीकेंद्रात टिकणारा विषाणूचा गोल डीएनए) जास्त आरएनए काढतात? शिवाय वाढत्या पेशींत विभाजनामुळं सीसीसीडीएनए पातळ होतं ते वेगळंच.

मिरक्लुडेक्स (एनटीसीपी अडवून विषाणूचा प्रवेश रोखणारं औषध) दिल्यावर सिग्नल जातो, म्हणजे संसर्ग खरा आहे, आधी टाकलेल्या विषाणूचा उरलेला गाळ नव्हे. प्रवेश टाळायला विषाणूच्या १.३ पट लांबीच्या जीनोमचा प्लाझमिडही (गोल डीएनए) थेट पेशींत घालून पाहिला. फरक राहिला, पण कमी. तोही प्लाझमिड विभाजनात हरवतोच, त्यामुळं त्यावर माझा फारसा विश्वास नाही.

‘हेपाआरजी (आपोआप परिपक्व होणाऱ्या यकृतपेशी) वापरा’ म्हणू नका, बजेट नाही. सीसीसीडीएनए मोजायला सदर्न ब्लॉटची सोय नाही, क्यूपीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून मोजायची पद्धत) आहे. वीज जाते, पण इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर आहे.

आता संसर्गानंतर, डीएमएसओ चालू ठेवूनच, एचएनएफ४-अल्फा दाबायचा विचार आहे. इतक्या दाट बसलेल्या पेशींत तिसऱ्या दिवशी एसआयआरएनए (ठरावीक जीन दाबणारा छोटा आरएनए) कुणाच्या नीट गेलंय का? की आधीच लेंटिव्हायरसनं (जीन पेशीत कायमचं बसवणारा वाहक विषाणू) डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिल्यावरच चालू होणारं एसएचआरएनए (पेशीतच तयार होणारं, तेच काम करणारं) बसवून घ्यावं?